पणजीचे नाव काय?

आठवी-नववीच्या वर्गात एक सोपी चाचणी घेऊन पाहा. मुलांना आधी आईचे नाव लिहायला सांगा, मग आजीचे आणि मग पणजीचे. आईच्या नावाशी कोणी अडत नाही. आजीपाशी थोडी कुजबुज सुरू होते, कारण घरात तिला सगळे ‘आजी’च म्हणतात. पणजीपाशी आल्यावर बऱ्याच वह्या कोऱ्या राहतात. पणजोबांचे नाव मात्र काही मुलांना येते. जमिनीच्या उताऱ्यावरून किंवा श्राद्धाच्या वेळी ते कानावर पडलेले असते.

या चाचणीत मुलांची स्मरणशक्ती तपासायची नाही. घराची आठवण कोणाला जपते आणि कोणाला सोडून देते, हे त्यातून दिसते. इतिहास शिकवताना आपण राजांच्या वंशावळी फळ्यावर काढतो आणि पाठ करून घेतो. पण वंशावळ कशी तयार होते, ती कोण लिहितो, तिच्यावर कितपत विसंबायचे, हे सांगायचे बहुधा राहून जाते. म्हणून आधी एका राजघराण्याची वंशावळ तपासू आणि मग आपल्या घराकडे वळू.

भिंगारच्या भूमीवरचे राजघराणे

अहिल्यानगर शहराला लागून भिंगार आहे. आज आपण त्याला शहराचे उपनगर समजतो, पण वयाने भिंगार मोठे. मलिक अहमद याने १४९० मध्ये बहामनी सैन्याचा पराभव करून स्वतंत्र निजामशाही स्थापन केली आणि १४९४ मध्ये जुन्या भिंगारच्या भूमीवर नव्या शहराचा पाया घातला. त्याच्या नावावरून शहराला अहमदनगर हे नाव पडले. पुढे ५३० वर्षांनी, २०२४ मध्ये, शहराचे आणि जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले.

या मलिक अहमदचे पूर्वज कोण? याचे एक उत्तर फिरिश्ता या इतिहासकाराने दिले आहे. फिरिश्ता लहानपणी वडिलांबरोबर अहमदनगरला आला. त्याचे वडील निजामशाही राजपुत्राचे शिक्षक होते. त्याने लिहिलेली हकीकत अशी : अहमदचा बाप मलिक हसन हा जन्माने ब्राह्मण. त्याचे मूळ नाव तिमाप्पा, बापाचे नाव भैरव. अहमदशहा बहामनीच्या काळात विजयनगरच्या मुलखातून तो कैद होऊन आला, मुसलमान झाला आणि बहामनी राजपुत्राच्या सोबत वाढला. राजपुत्राला ‘भैरव’ हा शब्द नीट उच्चारता येईना. तो ‘बहरी’ म्हणू लागला आणि हसनला तेच नाव चिकटले. बहरी म्हणजे ससाणा. आपल्याकडे आजही ‘बहिरी ससाणा’ म्हणतात. शाही ससाणे सांभाळण्याच्या कामावरून हे नाव पडले, असाही एक खुलासा दिला जातो. एकाच नावाच्या दोन व्युत्पत्ती! आडनावांच्या बाबतीत आपल्या घरोघरी हेच होते.

हा मलिक हसन पुढे बहामनी राज्याचा प्रमुख कारभारी झाला. १४८६ मध्ये बीदरला त्याचा खून झाला आणि मुलाने, अहमदने, जुन्नरच्या बाजूला आपले बस्तान बसवले.

फिरिश्ता आणखी एक गोष्ट सांगतो. या घराण्याचे मूळ पूर्वज पाथरीचे कुलकर्णी. पाथरी म्हणजे आजच्या परभणी जिल्ह्यातले. तेथून ते विजयनगरकडे गेले. भिंगारच्या भूमीवर आपल्यातला एक जण राजा झाला, हे कळल्यावर नातेवाईक ब्राह्मण अहमदनगरला आले आणि पाथरीचा वंशपरंपरागत हक्क परत मिळावा अशी विनंती करू लागले. अहमदचा मुलगा बुरहान निजामशहा याने वऱ्हाडच्या इमादशहाकडे पाथरी मागितली आणि बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला. इमादशहाने नकार दिला. तेव्हा १५१८ मध्ये बुरहानने पाथरीवर चाल करून ती घेतली. ती पुन्हा गेली आणि त्याने पुन्हा जिंकली. फिरिश्ताच्या म्हणण्याप्रमाणे पाथरी पुढे त्या ब्राह्मण नातेवाइकांना इनाम मिळाली.

म्हणजे धर्म बदलला, भाषा बदलली, राज्य मिळाले, तरी आजोबांच्या गावाची ओढ दोन पिढ्यांनंतर लढाई करण्याइतकी शिल्लक होती.

दुसरी वंशावळ

आता दुसरी बाजू. सय्यद अली तबातबा हा अहमदनगरच्या दरबारात होता. दुसऱ्या बुरहान निजामशहाच्या सांगण्यावरून १५९१ च्या सुमारास त्याने ‘बुरहान-इ-मआसिर’ हा इतिहास लिहायला घेतला. त्याच्या मते मलिक अहमद हा मलिक हसनचा मुलगा नव्हताच. तो खुद्द बहामनी सुलतानाचा मुलगा, हसनने केवळ वाढवलेला. ही वंशावळ मानली की विजयनगरचा कैदी आणि पाथरीचे कुलकर्णी दोन्ही गळून पडतात आणि निजामशहा थेट राजवंशातले ठरतात.

दोघेही एकाच काळातले, दोघांनाही दरबार जवळून ठाऊक. मग खरे कोणाचे मानायचे? येथे विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारायला शिकवावे.

पहिला प्रश्न : लिहिणारा कोणासाठी लिहीत होता? तबातबा निजामशहाच्या आज्ञेवरून लिहीत होता. मालकाचे कूळ उंच दाखवण्यात त्याचा फायदा होता. फिरिश्ता १५८९ मध्ये अहमदनगर सोडून विजापूरला गेला आणि आदिलशहाच्या आश्रयाला राहून त्याने ग्रंथ लिहिला. शेजारच्या, बऱ्याचदा शत्रू असलेल्या घराण्याचे मूळ साधे दाखवायला तेथे अडचण नव्हती. दोघांच्याही बाबतीत सावध राहायला हवे.

दुसरा प्रश्न : ही माहिती सांगून कोणाला काय मिळत होते? राजपुत्र म्हणवून घेण्यात गादीवरचा हक्क पक्का होत होता. कैदी ब्राह्मणाचा मुलगा म्हणवून घेण्यात त्या काळच्या दरबारात फारसे काही मिळण्याजोगे नव्हते. अडचणीची माहिती टिकून राहिली, तर ती खरी असण्याची शक्यता वाढते.

तिसरा प्रश्न : दुसरा स्वतंत्र पुरावा जुळतो का? पाथरीच्या लढाया झाल्या, हे नक्की. केवळ एखाद्या ठाण्यासाठीही त्या झाल्या असतील, म्हणून हा पुरावा निर्णायक नाही. पण तो फिरिश्ताच्या बाजूला झुकतो. अनेक इतिहासकार फिरिश्ताची हकीकत स्वीकारतात, त्याचे हे एक कारण.

हे तीन प्रश्न निजामशाहीपुरते नाहीत. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी भोसले घराण्याचा संबंध मेवाडच्या सिसोदियांशी जोडणारी वंशावळ मांडली गेली. तिच्याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत, आणि ते तपासतानाही हेच प्रश्न विचारावे लागतात. औरंगजेब १७०७ मध्ये भिंगारजवळच्या आपल्या छावणीत मरण पावला. त्याचा देह खुलताबादला नेऊन पुरला, पण भिंगारजवळच्या त्या जागेला आजही ‘आलमगीर’ म्हणतात. त्याचे घराणे वडिलांकडून स्वतःला तैमूरचे वंशज म्हणवी. पण बाबराची आई चंगेजखानाच्या वंशातली, हेही ते विसरत नसत. आईचे कूळ मोठे असले की वंशावळीत आईला जागा मिळते!

पुसलेली राणी

आई नकोशी झाली तर काय होते, याचाही नमुना याच घराण्यात आहे. बुरहानचा मुलगा हुसेन निजामशहा. त्याची बेगम खुंजा हुमायूँ. प्रसिद्ध चाँदबिबी ही या दोघांची मुलगी. हुसेनच्या कारकिर्दीचे वर्णन करणारे ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हे फारसी काव्य आफताबी या कवीने लिहिले. त्याची सचित्र हस्तलिखित प्रत पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. दख्खनी चित्रकलेच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत ती मोडते. तिच्यातल्या चित्रांत राजाबरोबर राणीही दाखवलेली होती. हुसेन १५६५ मध्ये वारला आणि लहान मुलाच्या नावाने खुंजा हुमायूँने काही वर्षे राज्यकारभार केला. मग मुलानेच तिला कैदेत टाकले. त्या हस्तलिखितातल्या बहुतेक चित्रांत राणीची आकृती नंतर पुसून टाकलेली आढळते. राजाच्या शेजारी नुसता रंगाचा डाग राहिला आहे.

फिरिश्ता खरा मानला, तर हुसेनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट दिसते. १५६५ च्या राक्षसतागडीच्या लढाईत विजयनगरचा रामराया पकडला गेला आणि हुसेनच्या हुकमाने त्याचा शिरच्छेद झाला. विजयनगरच्या मुलखातून कैद होऊन आलेला तिमाप्पा हा हुसेनचा पणजोबा. पणजोबा आणि पणतू यांच्यामध्ये किती उलथापालथ होऊ शकते, याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण.

आठवण तीन पिढ्यांची

आता सामान्य घरांकडे येऊ. श्राद्धात पिता, पितामह आणि प्रपितामह अशा तीन पिढ्यांची नावे घेतात. त्यापलीकडच्यांचा उल्लेख नावाने होत नाही. पितृपक्षात आईकडच्या पूर्वजांनाही स्थान आहे, पण रोजच्या बोलण्यात त्यांची नावे कमीच येतात. भाषाही येथेच थकते. आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा, निपणजोबा. त्यापुढे बोलीत सहज वापरला जाणारा शब्द नाही. १९५५ चा हिंदू विवाह कायदा सपिंड नाते मोजताना आपल्यापासून सुरुवात करून वडिलांकडे पाच पिढ्या मोजतो, आईकडे तीनच.

तीन-चार पिढ्यांपलीकडची माहिती टिकते ती कागदावर. आणि कागद लिहिला जातो तो कोणाला तरी त्याची गरज असते म्हणून.

महाराष्ट्रात अशी सर्वांत मोठी गरज वतनाची होती. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी यांच्यावर भाऊबंदांचे तंटे होत. तेव्हा प्रत्येक पक्ष आपला ‘करीना’ लिहून देई. मूळ पुरुष कोण, तो या गावात कसा आला, त्याला मुलगे किती, वतन कोणाकडे गेले, दुष्काळात गाव कसे उजाड झाले, ही सगळी हकीकत त्यात येई. मग गोतसभा बसे आणि निवाड्याचा ‘महजर’ होई. सतराव्या-अठराव्या शतकांतल्या मराठी घराण्यांविषयी आपल्याला जे कळते, त्यातले पुष्कळसे या भांडणांमुळे कळते. इंग्रजी अमलात १८५२ च्या इनाम कमिशनने पुन्हा सर्वांकडून पुरावे मागितले आणि आणखी कागद जमा झाले. ज्यांच्याकडे भांडण्यासारखे काही होते, त्यांच्या पिढ्या नोंदल्या गेल्या.

दुसरी गरज तीर्थक्षेत्रांची. त्र्यंबकेश्वर-नाशिकचे तीर्थोपाध्ये यजमानांच्या वह्या ठेवतात. यात्रेला आलेला माणूस आपले गाव, भाऊ, मुलगे, वाडवडील सांगतो आणि खाली सही करतो. त्याच घरातला पुढचा माणूस येतो तेव्हा आधीची नोंद त्याला वाचून दाखवतात. दक्षिण महाराष्ट्रात आणि सीमाभागात हेळवी हे काम करतात. बैलगाडीतून किंवा बैलावरून आपल्या वह्या घेऊन ते गावोगाव फिरतात, घराची वंशावळ वाचतात, नवी नावे घालतात आणि त्याबद्दल धान्य किंवा पैसे घेतात.

तिसरी गरज सरकारची. गावात जन्म किंवा मृत्यू झाला की त्याची नोंद होई. या नोंदवहीला लोक ‘कोतवाल बुक’ म्हणतात. अनेक ठिकाणी या जुन्या नोंदी मोडीत आहेत. अहमदनगरला १८३१ पासून काम करणाऱ्या अमेरिकन मिशनसारख्या संस्थांमुळे चौथ्या प्रकारचे कागदही तयार झाले. चर्चच्या नोंदवह्यांत बाप्तिस्मा, विवाह, दफन यांच्या तारखा येत आणि ज्यांना वतनी कागदांत स्वतंत्र स्थान नव्हते अशा माणसांचीही नावे येत.

या सगळ्या दप्तरांबाहेर राहिलेले लोक कोण? भूमिहीन आणि भटके. आणि जवळपास सगळ्या घरांतल्या बायका. करीन्यात बाई येते ती बहुधा विधवा म्हणून दत्तक घेताना. काही भटक्या जमातींची नोंद मात्र सरकारने मुद्दाम केली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली त्यांना जन्मतः संशयित ठरवून पोलिसांच्या वहीत नावे लिहिली आणि हजेरी लावली. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. एखाद्या कुटुंबाच्या पणजोबांचा पहिला कागद हा पोलीस ठाण्यातला असतो, हे इतिहासाच्या पुस्तकात सहसा येत नाही.

कागदाला किंमत येते तेव्हा

हे सारे जुन्या काळाचे कुतूहल म्हणून सोडून देता येत नाही. महाराष्ट्रात जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींना १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गांना १९६७ पूर्वीचा वास्तव्याचा व जातीचा पुरावा शोधावा लागतो. म्हणजे आज बारावीत असलेल्या मुलीचा प्रवेश आजोबा-पणजोबांच्या एखाद्या ओळीवर अवलंबून असतो. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीचे काम सुरू झाले आणि मराठवाड्यापासून साऱ्या राज्यात कुणबी नोंदींचा शोध घेतला गेला. तहसील कचेऱ्यांत, भूमी अभिलेख कार्यालयांत, शाळांत जुनी दप्तरे उघडली गेली. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जी लिपी शाळेत शिकवली जात होती, ती वाचायला दोन पिढ्यांनी माणसे मिळेनाशी झाली होती.

अशा शोधात शिक्षकांच्या कपाटातला एक कागद फार महत्त्वाचा ठरतो : शाळेचे जनरल रजिस्टर. पणजोबा दोन इयत्ता शिकले असतील, तर त्यांचे नाव, गाव, जन्मतारीख आणि जात तेथे असते. तेवढ्यासाठी लोक दूरदूरच्या शाळांत निर्गम उतारा मागायला येतात. भटक्या कुटुंबाची मात्र येथेही अडचण होते. जे पणजोबा कधी शाळेतच गेले नाहीत, त्यांचा उतारा कोठून आणणार?

आणि हे रजिस्टर तरी किती खरे? महाराष्ट्रात आज साठी-सत्तरीत असलेल्या असंख्य माणसांची जन्मतारीख १ जून आहे. त्या दिवशी एवढी बाळे जन्मली नव्हती. आई-वडिलांना तारीख सांगता येत नसे. मूल शाळेत घालायच्या वयाचे दिसावे म्हणून गुरुजी अंदाजाने वर्ष धरत आणि जूनची पहिली तारीख टाकत. तीच पुढे नोकरीत, निवृत्तिवेतनात आणि मृत्यूच्या दाखल्यात चालली. तेव्हा कागद आहे म्हणून तो खरा, असे धरून चालत नाही. निजामशाहीच्या इतिहासकारांना विचारलेले प्रश्न गुरुजींच्या रजिस्टरलाही विचारावे लागतात.

मोजून पाहू या

आता थोडे गणित. प्रत्येकाला आई-वडील दोन, आजी-आजोबा चार, पणजी-पणजोबा आठ. प्रत्येक पिढीला संख्या दुप्पट होते. एक पिढी सरासरी २५ वर्षांची धरली, तर औरंगजेब भिंगारजवळ वारला तेव्हापासून सुमारे १३ पिढ्या झाल्या. त्या पिढीत आपल्या पूर्वजांच्या जागा होतात ८,१९२. मलिक अहमदच्या विजयापासून सुमारे २१ पिढ्या झाल्या. तेथे जागा होतात २०,९७,१५२. हजार वर्षे, म्हणजे ४० पिढ्या मागे गेलो तर ही संख्या एक लाख कोटींच्या वर जाते. त्या वेळी साऱ्या जगाची लोकसंख्या ३० कोटींच्या आसपास असावी असा अंदाज आहे. मग हे गणित चुकले कोठे?

जागांची संख्या बरोबर आहे. पण एकच माणूस अनेक जागांवर बसलेला असतो. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल अनेक समाजांत आहे. अशा जोडप्याच्या मुलाला आठ पणजी-पणजोबा नसतात, सहाच असतात, कारण दोघे जण दोन्हीकडून तेच येतात. दूरच्या नात्यांत हे सतत घडत राहते. जितके मागे जावे तितक्या वंशावळींच्या फांद्या एकमेकींत गुंततात.

भारतात जातीबाहेर लग्न होत नसल्याने हे गुंतणे बरेचसे जातीच्या आत झाले. पण फार मागे गेल्यावर ही भिंतही राहत नाही. हैदराबादची पेशीय व रेणवीय जीवशास्त्र संस्था आणि अमेरिकेतले शास्त्रज्ञ यांचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतातल्या वेगवेगळ्या लोकसमूहांची मोठ्या प्रमाणावर सरमिसळ झाली. गटातल्या गटात लग्ने करण्याचे कडक बंधन त्यानंतर पसरले. ‘आमचे कूळ पूर्वीपासून शुद्ध’ असे कोणी म्हटले, तर ‘पूर्वीपासून’ म्हणजे किती, हे विचारायला हरकत नाही.

आता या वीस लाख जागांमध्ये आपले आडनाव शोधू. बापाचा बाप, त्याचा बाप अशी एकच रेघ आडनाव सांभाळते. ‘आमचे घराणे’ म्हणून आपण जे सांगतो, ते २१ व्या पिढीतल्या सुमारे २१ लाख जागांपैकी एका जागेबद्दल असते. मुलग्यांत असलेले वाय गुणसूत्र याच रेघेने येते. पण निसर्गाने दुसरी एक रेघही सांभाळली आहे. पेशींतल्या सूत्रकणिकांना स्वतःचा छोटासा डीएनए असतो. त्याच्यात १६,५६९ अक्षरजोड्या असतात आणि तो मुलाला व मुलीला फक्त आईकडून मिळतो. आईला तिच्या आईकडून, तिला तिच्या आईकडून. ज्या पणजीचे नाव वहीत कोरे राहिले, तिने दिलेला हा वारसा वर्गातल्या प्रत्येकाच्या पेशीपेशीत आहे.

उरलेल्या डीएनएची गोष्ट वेगळी. तो प्रत्येक पिढीत अर्धा निवडला जातो आणि तुकड्यातुकड्यांनी पुढे जातो. त्यामुळे दहाव्या पिढीतल्या १,०२४ पूर्वजांपैकी साधारण निम्म्यांचा एकही तुकडा आपल्यापर्यंत पोचलेला नसतो. ते आपले पूर्वज खरेच. ते नसते तर आपण नसतो. पण रक्तात त्यांची खूण नाही. अशांची आठवण ठेवायची तर ती नावाने, गोष्टीने, कागदानेच ठेवता येते.

वर्गात करण्यासारखे

यावरून एक छोटा उपक्रम घेता येईल. कागदाच्या तळाशी विद्यार्थ्याने स्वतःचे नाव लिहावे. वर दोन, त्यावर चार, त्यावर आठ अशा चौकटी काढाव्यात. एकूण १५ चौकटी होतात. माहीत असतील तेवढ्या शाळेत भराव्यात आणि बाकीच्या घरी विचारून. बाईंचे माहेरचे नाव आणि गाव जरूर विचारावे. लग्नात नाव बदलले असेल तर दोन्ही नावे लिहावीत.

वर्ष आठवत नसेल तर घटनेवरून विचारावे. ‘बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही केवढे होता?’ हा प्रश्न नगर जिल्ह्यात सहज चालतो. खडी फोडायला गेल्याची आठवण सांगणारी माणसे घरोघरी आहेत. त्याआधीच्या पिढीविषयी विचारताना १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ, जिला लोक मानमोडी म्हणत, किंवा त्याआधीचा प्लेग उपयोगी पडतो. गाव का सोडले, काय काम करत, घरात कोण कोण होते, हेही लिहून घ्यावे. भिंगारसारख्या छावणीच्या गावात तर निरनिराळ्या मुलखांतून आलेली कुटुंबे शेजारीशेजारी राहतात. तेथे वर्गाच्या भिंतीवरचा नकाशा खुणांनी भरून जाईल.

मग ऐकलेली माहिती एखाद्या कागदाशी ताडून पाहावी : शाळेचे रजिस्टर, सातबाराचा जुना उतारा, फेरफार, जन्म-मृत्यूची नोंद. जेथे फरक पडेल तेथे दोन्ही माहिती लिहावी आणि कोणती जास्त विश्वसनीय वाटते, ते कारणासह मांडावे. शेवटी सर्वांनी मिळून कोऱ्या चौकटी मोजाव्यात. वडिलांकडच्या किती, आईकडच्या किती, पुरुषांच्या किती, स्त्रियांच्या किती. त्याचा स्तंभालेख काढला की गणिताचा तासही साधतो.

काही पथ्ये पाळावीत. या उपक्रमाला गुण देऊ नयेत. ज्या मुलाला आई किंवा वडील नाहीत, ज्यांच्या घरात दुसरे लग्न, दत्तक किंवा ताटातूट आहे, त्यांना ज्यांनी वाढवले त्यांची नावे लिहू द्यावीत. जातीचा रकाना ठेवू नये. तक्ते भिंतीवर लावायचे की घरी ठेवायचे, हे मुलांनी ठरवावे. कोणाच्या चौकटी जास्त भरल्या यावरून स्पर्धा तर मुळीच नको. चौकटी कोऱ्या राहिल्या तर तो त्या घराचा कमीपणा नाही. कोणाची नोंद करायची, हे त्या काळच्या सत्तेने आणि रूढीने ठरवले, हे शिक्षकाने सांगायला हवे.

हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही. आज ऐंशी वर्षांची असलेली आजी १९४५ च्या सुमारास जन्मली. तिने आपली आजी पाहिलेली असते, आणि ती साधारण १८९० च्या आसपासची. म्हणजे एका माणसाशी बोलून मुलगा एकोणिसाव्या शतकात पोचतो. त्या बाईचे नाव कोणत्याही सातबारावर नसेल, तीर्थोपाध्यायांच्या वहीतही नसेल. ते आजीला माहीत आहे. लिहून घ्यायला एक वही आणि सुट्टीतली एक दुपार पुरेल.